मासोळी खाणारे फूल

॥ श्री ॥
आषाढ पौर्णिमा, शके १९४७

चिरंजीव दुर्गेश्वरी,

तुला दीर्घ आयुष्य लाभो, आणि त्या आयुष्याला पुरेल इतका श्वासही लाभो. पूर्वी मी केवळ आयुष्य मागत असे. यंदा मागणी थोडी वाढवली आहे.

तू फोन करतेस आणि मी तो तुझ्या आईच्या हाती देतो, याचा राग धरू नकोस. बोलायला श्वास लागतो, लिहायला लागत नाही. एका वाक्याच्या मध्यात दोनदा थांबलो की ऐकणाऱ्याला दया येते, आणि ती मला सोसत नाही. म्हणून यापुढे आपले बोलणे टपालाने. तूही हातानेच लिही. छापील अक्षरातून माणसाचा चेहरा दिसत नाही.

गोंदियाच्या डॉक्टरांनी फुफ्फुसांचे चित्र काढले. त्यांचा लवचीकपणा गेला आहे, म्हणाले. विडी किती वर्षे ओढली, असे विचारले. मी म्हणालो, विडी नव्हे, मी देवळात बसत होतो. त्यांना तो विनोद वाटला. सप्ताहाची धुनी आणि घरची चूल यांच्या धुरात ज्याची हयात गेली, त्याचे ते साधे उत्तर होते.

आता खरी गोष्ट. मार्गशीर्षातील सप्ताहाचे पोथीवाचन माझ्याकडे आहे. माझ्या आधी ते माझ्या वडिलांकडे होते. आज गुरुपौर्णिमा म्हणून मंदिर समितीचा अध्यक्ष उमेंद्र नारळ घेऊन आला. याला मी संधी आणि समास शिकवले. समास त्याला कधी सुटले नाहीत. पाया पडून म्हणाला, "गुरुजी, औंदा तुम्ही आराम करा. बालाघाटकडून महाराज आणून राहिलो, साउंडसहित." एका हाताने नारळ द्यायचा आणि दुसऱ्या हाताने खालचे आसन ओढायचे, असा तो विधी होता. नारळ मी ठेवून घेतला. आसन दिले नाही. या सप्ताहात मीच बसेन, आणि बसता आले नाही तर तेथेच आडवा होईन.

तुझी आई म्हणते, तू समुद्रातील फुलांवर काम करतेस आणि ती फुले फुफ्फुसांच्या उपयोगी आहेत. मी औषध मागत नाही. मला समजून घ्यायचे आहे. माझ्या धाकट्या भावाची तू एकुलती लेक. तो असता तर त्याने मला समजावले असते. आता तू समजाव.

तुझा,
तेजराम

•

रत्नागिरी, २४ जुलै २०२५

तीर्थरूप मोठे बाबूजी,

तुमच्या खाटेच्या पायथ्याशी बसून हे लिहिते आहे असे समजावे. चेहरा दिसावा म्हणून हाताने लिहिते, पण माझे अक्षर तुम्हाला कधीच आवडले नाही, त्यामुळे चेहराही आवडेल की नाही शंका आहे.

तुम्ही विचारले ते सांगते. आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी पहारेकऱ्यांसारख्या असतात. त्यांच्याजवळ इलॅस्टेज नावाचे एक विकर असते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक कामे घडवून आणणारे प्रथिन. इलॅस्टेज जंतूंना फोडते. पण काम झाल्यावर ते आवरले नाही, तर फुफ्फुसातील लवचीक तंतूही कुरतडत सुटते. त्याला आवरण्यासाठी यकृत दुसरे एक प्रथिन पाठवते. धूर नेमका या दुसऱ्या प्रथिनाला बिघडवतो. ज्या टोकाने ते इलॅस्टेजला पकडते, ते टोकच धुराने निकामी होते. मग कुरतडणे चालू राहते आणि थांबवणारा कोणी उरत नाही. तुमच्या बाबतीत बहुधा हेच झाले आहे.

मी ज्या प्रथिनावर काम करते ते समुद्रफुलापासून मिळते. कोकणच्या किनाऱ्यावर खडकांच्या कपारींत ही समुद्रफुले असतात, भरतीला उमलतात, ओहोटीला मिटतात. त्यांचे हे प्रथिन अगदी लहान आहे, पण मानवी इलॅस्टेजला इतके घट्ट धरते की त्याचे काम थांबते. अशा प्रथिनाला आम्ही निरोधक म्हणतो. त्या समुद्रफुलाचा आणि माणसाच्या रक्ताचा आजवर कधी संबंध आला नव्हता, तरी ते नेमके बसते. याचे आश्चर्य मला रोज वाटते.

पण हे सारे काचेच्या नळीत आहे, मोठे बाबूजी. औषध झालेले नाही, कधी होईल सांगता येत नाही. तोवर डॉक्टरांनी दिलेला पंप घ्या, चुलीजवळ बसू नका, आणि यंदा वाचन दुसऱ्याला करू द्या. हे मी हात जोडून लिहिते.

तुमची,
दुर्गेश्वरी

•

॥ श्री ॥
श्रावण वद्य नवमी, शके १९४७

चिरंजीव दुर्गेश्वरी,

तुझे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या वाचनात कळले, दुसऱ्यात पटले, तिसऱ्यात रडू आले. शेवटची विनंती मात्र तिन्ही वेळा गाळली.

गोकुळाष्टमीच्या निरूपणात मी सभेला हे सांगितले. थांबत थांबत सांगितले, पण सांगितले. म्हणालो, ज्या समुद्रातून देवदानवांनी रत्ने काढली, त्याच्या तळाशी एक फूल राहून गेले होते. दानवांना ते लहान वाटले, देवांना घाई होती. ते फूल आता आपल्या घरच्या लेकीच्या हाती लागले आहे. आपल्या देहातला रक्षक उन्मत्त झाला की हे फूल त्याला मारत नाही, आवरते. तुझा 'निरोधक' हा शब्द मी मुद्दाम वापरला नाही. योगशास्त्रात त्याचे स्थान फार उंच आहे, पण सरकारने त्या नावाची पाकिटे घरोघर वाटल्यापासून गावाला त्याचा एकच अर्थ ठाऊक आहे. मी 'निग्रहक' म्हणालो. तरीही मागच्या रांगेत कोणीतरी हसलेच.

आपल्याकडे मोहाचे फूल पडते ते देवालाही चालते आणि भट्टीलाही. हे तुझे फूल केवळ देवाचे दिसते. बायांनी रंगीत कागदाची समुद्रफुले करून बाळकृष्णाच्या झुल्याला बांधली. सुशिलाबाईंनी विचारले, गुरुजी, याचा रंग कोणता? मला सांगता आले नाही. तर कळव: रंग कोणता, सुगंध आहे काय, उमलण्याची तिथी ठरलेली आहे काय? आणि एक फूल पाठव, वाळलेले चालेल. सप्ताहाच्या पहिल्याच दिवशी समुद्रमंथनाचा अध्याय असतो, तेव्हा ते पोथीवर वाहीन.

उमेंद्र निरूपणाला होता. निघताना म्हणाला, "जमलं गुरुजी, पन सप्ताहाचं आमचं ठरलं हाय." मी म्हणालो, माझेही ठरले आहे.

तुझा,
तेजराम

•

रत्नागिरी, ११ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप मोठे बाबूजी,

इतके दिवस पत्र नाही, याचे कारण टपाल नव्हे, मी आहे. लिहायला बसले आणि प्रत्येक वेळी उठले.

समुद्रफूल हे फूल नाही. तो प्राणी आहे.

दिसतो फुलासारखा, म्हणून नाव तसे पडले. पाकळ्या वाटतात ते त्याचे हात आहेत. मध्ये तोंड आहे. लहानसा मासा हातांना लागला की तो दंशाने लुळा पडतो आणि समुद्रफूल त्याला गिळते. त्याला मेंदू नाही, लाल रक्त नाही, पण जीव आहे. सुरुवातीला थोड्या प्राण्यांतून आम्ही ते प्रथिन काढले. आता त्याची कृती यीस्टच्या पेशींना दिली आहे आणि प्रयोगशाळेत त्याच ते तयार करतात, तेव्हा समुद्रातून काही काढावे लागत नाही. तरी मूळ ते प्राण्याचेच.

पहिल्या पत्रात हे मी लिहिले नाही. विसरले नव्हते, गाळले. तुम्ही रेशीमसुद्धा अंगाला लावत नाही. मी प्राणिशास्त्र घेतले तेव्हा बेडूक चिरावा लागेल हे कळून तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता. वाटले, फूल म्हटले तर तुम्ही ऐकाल, प्राणी म्हटले तर पत्र मिटून ठेवाल. तुम्ही ते सभेत सांगाल, झुल्याला बांधाल, असे मनात आले नाही.

चूक माझी आहे, असे समितीला सांगा. मी लेखी देते. आणि या निमित्ताने तरी यंदा आसन सोडा. तुमचा मान जपण्यासाठी नव्हे, श्वास जपण्यासाठी.

अपराधी,
दुर्गेश्वरी

•

॥ श्री ॥
भाद्रपद वद्य द्वादशी, शके १९४७

दुर्गेश्वरी,

तुझे पत्र पोचण्याआधी बातमी पोचली होती.

गणपतीच्या मंडपात आरतीनंतर उमेंद्रने मोठ्या पडद्यावर चित्रफीत लावली. निळे पाणी, त्यात तुझे फूल डोलत असलेले. बायांनी हात जोडले. मग एक चांदीसारखी मासोळी आली, पाकळीला टेकली, तडफडली, आणि फुलाने तिला शेपटीपर्यंत आत ओढले. उमेंद्र माइकवर म्हणाला, "गुरुजी, तुमचा फूल तं मासोरी खाऊन राहिला." सारा मंडप हसला. दुसऱ्या दिवसापासून पोरे मला मासोळीवाले गुरुजी म्हणतात. आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या ढिवराच्या बाईने मला पाहून टोपलीवरचे फडके काढले आणि अगदी आदराने म्हणाली, गुरुजी, ताजी फुलं हायेत.

मला हसू आले. मग खोकला आला. म्हणून पुरते हसता आले नाही.

समितीने बोलावले. पितृपक्षाच्या आत देवापुढे नाक घासून माफी मागा आणि आसन सोडा, म्हणजे विषय मिटेल, असे म्हणणे पडले. मी शंख मागवला. तोच, ज्याने ही समिती रोज सकाळी देवाला उठवते. विचारले, हा कोणाच्या अंगावरचा? म्हणालो, समुद्रातील एका जीवाचे हे घर आहे. तो जीव मेल्यावर, किंवा मारल्यावर, हे तुमच्या हाती आले. त्याला तुम्ही ओठ लावता आणि पवित्र होता. मोरपीस प्राण्याचे, कस्तुरी प्राण्याची, मध माशीच्या पोटातला. ज्या दिवशी हा शंख देवळाबाहेर जाईल, त्या दिवशी मी त्याच्यामागून जाईन. तोवर दोघेही येथेच आहोत.

सभेत चुकीचे सांगितले गेले, हे खरे. ते मी दुरुस्त करीन, पण ज्या आसनावरून सांगितले त्याच आसनावरून. नाक घासून नव्हे.

आता तुझ्याविषयी. समुद्रफूल मासे खाते याचा मला राग नाही. ज्याने मासोळी केली त्यानेच हेही केले. त्याचा हिशेब तो जाणे. राग याचा आहे की माझी श्रद्धा एका प्राण्याच्या नावाने मोडेल असे तुला वाटले. उमेंद्रने मला हसण्यावारी नेले, तू मला जपले. दोघांनीही मला दुबळे ठरवले. बेडकाच्या वेळी मी दोन दिवस बोललो नाही, खरे आहे. पण तिसऱ्या दिवशी तुझ्या प्रवेशाच्या रांगेत कोण उभा होता?

लेखी काही पाठवू नकोस. सप्ताहाला येऊही नकोस. तू आलीस तर म्हणतील, पोरीने शिकवून पाठवले. मला एवढेच कळव, आणि या वेळी काही गाळू नकोस: ते प्रथिन विकराला धरते म्हणजे नेमके काय करते? गळा दाबते? तोडते? की समजूत घालते? मला मंथनाच्या अध्यायात त्याची जागा ठरवायची आहे.

तेजराम

•

रत्नागिरी, ५ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप मोठे बाबूजी,

रांगेत तुम्ही उभे होता. मी विसरले नव्हते. भीतीपुढे ते आठवले नाही.

आता काहीही न गाळता सांगते. इलॅस्टेजला एक खाच असते. ते त्याचे तोंड समजा. इतर प्रथिने त्या खाचेत आली की ते त्यांचा तुकडा पाडते. समुद्रफुलाच्या प्रथिनाला एक बाकदार टोक असते, अगदी घासासारखे दिसणारे. ते लढत नाही, झाकत नाही. घास होऊन सरळ त्या तोंडात जाऊन बसते. इलॅस्टेज चावू पाहते. पण ते टोक आतून तीन गाठींनी इतके आवळलेले असते की चावले तरी तुकडा सुटून पडत नाही, जागच्या जागी पुन्हा जुळतो. गिळता येत नाही, थुंकता येत नाही. तोंड भरलेले, म्हणून दुसरे काही खाता येत नाही.

आपल्या यकृतातून येणाऱ्या प्रथिनाची रीत वेगळी आहे. ते स्वतः तुटते आणि तुटताना इलॅस्टेजलाही मोडून टाकते. दोघेही संपतात. समुद्रफुलाच्या रीतीत कोणीच मरत नाही. हा बंध कायमचाही नसतो. सुटतो, पण फार सावकाश.

आता माझे एक ऐका. मी येणार नाही, तुम्ही सांगितले तसे. पण ऑक्सिजनची मशीन गोंदियाहून भाड्याने घरी येईल. डॉक्टरांशी बोलले आहे. ती जवळ असल्याशिवाय आसनावर बसायचे नाही. मशीन असली तरी धुनीच्या धुरात बसणे म्हणजे एका हाताने दिवा लावून दुसऱ्याने विझवणे. समितीला धुनी बाहेर हलवायला सांगता येईल का? आणि धुनीजवळ ऑक्सिजन धोक्याचाही आहे, आगीला तो वाढवतो. अंतर राखलेच पाहिजे. हे मी तुम्हाला दुबळे समजून लिहीत नाही. घाबरले आहे म्हणून लिहिते.

तुमची,
दुर्गेश्वरी

•

॥ श्री ॥
कार्तिक शुद्ध पंचमी, शके १९४७

चिरंजीव दुर्गेश्वरी,

आशीर्वाद. राग उतरला आहे.

धान कापणीला आले, मंडईच्या जत्रेचे दिवस जवळ आले, गावात दंडारीच्या नाचगाण्याच्या तालमी चालू आहेत. मशीन पोचली. ती घरघरते. तुझी आई तिला चादर घालून ठेवते, पाहुणीला घालावी तशी.

धुनी हलवण्याविषयी उमेंद्रला निरोप दिला. उत्तर आले: धुनी बापजाद्यांची आहे, मंडपातून हलणार नाही, ज्याला सोसत नाही त्याने घरी बसावे. बापजादे माझेही तेच आहेत. माळव्यातून इकडे येताना त्यांनी वाटेत किती चुली मांडल्या आणि मोडल्या असतील. परंतु वाद घालायला श्वास नाही.

तुझे पत्र उशाशी ठेवले आहे. त्यातील एक वाक्य मी पाठ केले: लढत नाही, घास होऊन तोंडात जाऊन बसते. इतकी वर्षे निग्रह या शब्दावर बोललो, पण तो होतो कसा हे मला ठाऊक नव्हते.

आपल्या सप्ताहाचा नियम तुला आठवतो? पहिल्या दिवशी पाटावर बसून जो संकल्प सोडतो आणि ज्याच्या मनगटाला हळदीचे सूत बांधले जाते, तोच सातही दिवस वाचतो. आणि बसल्यावर त्या दिवसाचा अध्याय पुरा झाल्याखेरीज त्याने उठायचे नाही, इतर कोणी त्या पाटाला शिवायचे नाही, भंडाऱ्याचे पान वाढायचे नाही. नियम बापजाद्यांचा आहे. उमेंद्र तो मोडणार नाही; मीच त्याला शिकवला.

समिती मला चावायला निघाली आहे. ठीक. मी तोंडात जाऊन बसतो.

तुझा,
तेजराम

•

२९ नोव्हेंबर

पोरी दुर्गेश्वरी,

तुह्या मोठ्या बाबूजीनं मले म्हटलं, तू लिही, मी लिहिलं तं बढाई होईल. म्हनून मी, तुही माय प्रेमिला, लिहून राहिली. माह्या अक्षराले हासू नोको.

काल सप्ताह बसला. अंधार फाटाच्या आधीच बुढ्यानं आंग धुतलं, अना मले म्हने, चाल. मशीन ढकलगाड्यावर ठेवली. देवळात पुजाऱ्याबिगर कोनी नोहोतं. बसले पाटावर, हातात पानी घेतलं, संकल्प सोडला. सूत मलेच बांधाले लावलं. म्हने, घट्ट बांध, याच गाठीवर सारं हाय.

दिवस निंगाल्यावर उमेंद्र आला महाराजाले घेऊन. मांगं साउंडची गाडी. पाटाकडं पायलं, मनगट पायलं, अना तोंड उतरलं त्याचं. म्हने, "गुरुजी, हे काऊन केलं?" बुढा म्हने, "वाचण्यासाठी." बस.

मंग धुनी पेटवली. उमेंद्रनं मुद्दाम पेटवली असं मी म्हनत नाही, पन पेटवली. धुरानं बुढ्याले उबळ आली. मशीन मी दूरच ठेवली होती, तू सांगतलं तसं, लांब नळीवर. तरी एक ओळ वाचावं अना थांबावं. ओळीवर बोट ठेवून डोरे मिटून बसावं. मंग दुसरी ओळ. लोकं कुजबुजले. दुपार झाली, अध्याय पावभरबी नाही. भात निवला. महाराज मोबाईल पाहून राहिला, साउंडवाला डब्यावर डोकं ठेवून झोपला.

उमेंद्र जवर आला, हरू म्हने, "गुरुजी, असं तं रात होईल." बुढ्यानं डोरे उघडले अना सगळ्यायले आयकू जाईल असं म्हटलं, "होऊ दे. अध्याय इथेच आहे, मीही इथेच आहे. धूर आहे तोवर माझा वेग एवढाच."

तिकडून सुशिलाबाई बोलली, "अरे उमेंद्र, ने ना बाप्पा ते धुनी भाईर. आमाले घरी जाऊन ढोरं बांधाची हायेत. का तू येतं बांधाले?" बाया हासल्या. मंग मानसंबी बोलाले लागले. उमेंद्र उभा राहिला तं उभाच. पाटाले हात लावता येत नाही, पान वाढता येत नाही, महाराजाले बसवता येत नाही. शेवटी त्यानंच घमेलं घेतलं, निखारे भरले, अना देवळाभाईर पिपराखाली नेऊन ठेवले. माफी मांगाले बलावत होता ना बुढ्याले, आता त्याच्याच हाताले राख लागली होती.

मंग अध्याय चालला. थांबत थांबत, पन चालला. मंथनाच्या जागी बुढ्यानं सांगतलं, मी फूल म्हटलं होतं, ते चूक होतं. तो जीव हाय, मासोरी खाते. त्याच्या आंगातली एक चीज आपल्या देहातल्या पिसारलेल्या रखवालदाराच्या तोंडात जाऊन बसते, त्याले मारत नाही, आवरते. मारनं सोपं हाय, म्हने. कोनी हासलं नाही. दिवेलागनीले अध्याय पुरा झाला. महाराज चांगला मानूस, बुढ्याच्या पाया लागला, निवलेला भात जेवला अना गेला.

आज धुनी पिपराखालीच पेटली. कोनी सांगतलं नाही, आपोआपच.

बुढा थकला हाय. पन भाकर दीड खाल्ली.

तुही माय

•

॥ श्री ॥
मार्गशीर्ष पौर्णिमा, शके १९४७

चिरंजीव दुर्गेश्वरी,

सप्ताह आज पुरा झाला. तुझ्या आईने काय लिहिले ते मी वाचले नाही, पण ती लिहिताना दोनदा हसली, त्यावरून कल्पना आली.

श्वास बरा झालेला नाही, होणारही नाही. जे तंतू गेले ते कोणत्याही फुलाने परत येत नाहीत, हे तू लपवले नाहीस आणि मीही लपवणार नाही. तुझे औषध माझ्या हयातीत होईल असे नाही. झाले तर उमेंद्रला दे. आज मंडप आवरताना तोही खोकत होता. धुनीजवळ तो माझ्याहून जवळ बसत आला आहे. घेताना त्याला सांग की हे मासोळी खाणाऱ्याकडून आले आहे, मग त्याचा चेहरा कसा होतो ते मला कळव.

मी तुला वाळलेले फूल पाठवायला सांगितले होते. पाठवू नकोस. जिवंत प्राणी खडकावरून सोडवून वाळवायचा आणि पोथीवर ठेवायचा, असे मी न कळता मागितले. तो जिथे आहे तिथे त्याची भरती-ओहोटी चालू दे. मंथनाच्या अध्यायात मी त्याचे नाव घेतले. वाहणे तेवढ्याने झाले. सुशिलाबाईंची कागदी फुले मात्र मी काढू दिली नाहीत. फक्त एकात तिने लाल चिंधीचे तोंड शिवले आहे आणि त्यात चांदीच्या वर्खाची मासोळी अडकवली आहे. छान दिसते.

शेवटच्या अध्यायानंतर सूत सोडायचे असते. पुजाऱ्याने हात पुढे केला. मी हात मागे घेतला. नियम असा की सूत मनगटावर आहे तोवर आसन दुसऱ्याचे होत नाही. ते कोणत्या दिवशी सोडायचे, हे मात्र कोणी कधी ठरवून ठेवले नव्हते. सर्वांनी ते त्याच दिवशी सोडले, एवढेच. उमेंद्रच्या ते ध्यानात आले. घमेले काखेत धरून जवळ आला आणि पहिल्यांदाच खालच्या आवाजात विचारले, "गुरुजी, हे सूत केव्हा सोडान?"

मी म्हणालो, सुटेल. पण फार सावकाश.

तुझा,
तेजराम